पतसंस्थांसाठी लिहिलेली संगणक प्रणाली खुली केली, तर तिच्यावर कंपनी चालू शकेल का?

प्रश्न (सांगलीहून)

नमस्कार. सांगलीत आमची चौदा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. गेली अकरा वर्षे आम्ही सहकारी पतसंस्थांसाठी एकच प्रणाली लिहितो आणि सांभाळतो. पिग्मी ठेवींची दैनंदिन वसुली, कर्जखाती, व्याज आकारणी, थकबाकीचे वर्गीकरण आणि किर्द-खतावणीपासून ताळेबंदापर्यंतचा सर्व हिशेब तिच्यात होतो. आज ती साठएक पतसंस्थांमध्ये चालते. परवान्याचे शुल्क एकदाच मिळते, त्यानंतर दरवर्षी देखभालीचा करार होतो, आणि आमचे पगार प्रत्यक्षात त्या देखभालीच्या रकमेतूनच भागतात.

गेल्या दोन वर्षांत तीन पतसंस्थांच्या संचालक मंडळांनी आम्हाला एकच गोष्ट विचारली: तुमची कंपनी उद्या बंद पडली, तर आमच्या सभासदांचा हिशेब कोणाच्या हातात राहील? त्यांपैकी एका संस्थेने हे भोगलेले आहे. तिचा आधीचा पुरवठादार व्यवसाय सोडून गेला, माहिती त्याच्या बंदिस्त स्वरूपात अडकली, आणि शेवटी कर्मचाऱ्यांनी तीन महिने रात्री बसून छापील खतावण्यांवरून शिलकी पुन्हा भरल्या. प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘आम्ही बंद पडणार नाही’ हे उत्तर पुरेसे नाही, हे मला मान्य आहे.

म्हणून संपूर्ण प्रणालीचा कोड, म्हणजे तिचा मूळ प्रोग्राम, कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येईल असा खुला करावा असा विचार आम्ही दोघे भागीदार गंभीरपणे करत आहोत. माझ्या भागीदाराला भीती वाटते ती अशी की शेजारच्या जिल्ह्यातला एखादा स्पर्धक तोच कोड उचलेल, नाव बदलेल आणि निम्म्या दरात विकेल. माझी भीती वेगळी आहे. आम्ही सर्व काही उघडून ठेवू आणि त्याकडे कोणी फिरकणारच नाही, असे मला वाटते. लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीभोवती जगभरचे अभियंते जमतात. पिग्मी एजंटाचे कमिशन मोजणाऱ्या प्रणालीभोवती कोण जमणार? कोड खुला केल्यावर उत्पन्न नेमके कशातून येते, परवाना कोणता घ्यावा, आणि इतक्या अरुंद विषयाभोवती समुदाय उभा राहू शकतो का, याबद्दल ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर (मुंबईहून)

मी गेली आठ वर्षे लहान कारखान्यांमध्ये ईआरपीनेक्स्ट ही व्यवसायाचा कारभार व हिशेब सांभाळणारी खुली प्रणाली बसवून देण्याचे काम करतो, त्यामुळे खुल्या कोडवर घर कसे चालते हे मला रोजच्या व्यवहारातून माहीत आहे. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. कोड खुला करणे हा एका बैठकीतला निर्णय असतो. बाहेरच्या माणसाने त्यावर काम करावे अशी परिस्थिती निर्माण करायला मात्र वर्षे लागतात. नेटस्केप या कंपनीने जानेवारी १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड खुला करण्याची घोषणा केली आणि ३१ मार्चला तो प्रसिद्धही केला. जगभर त्याची चर्चा झाली. परंतु तो कोड अवाढव्य आणि गुंतागुंतीचा होता, इतर कंपन्यांकडून घेतलेले भाग त्यातून काढून टाकावे लागले होते, आणि बाहेरून आलेल्या माणसाला हात घालायला सोपी जागा सापडत नव्हती. पहिल्या वर्षात बहुतेक काम नेटस्केपच्या पगारी अभियंत्यांनीच केले, पुढे मोठा भाग नव्याने लिहावा लागला, आणि त्यातून घडलेल्या मोझिला ब्राउझरची १.० ही आवृत्ती यायला जून २००२ उजाडला. तेव्हा कोणी फिरकणार नाही ही तुमची भीती खरी आहे, आणि मी तिला स्पर्धकाच्या भीतीपेक्षा अधिक महत्त्व देईन.

आता उत्पन्नाबद्दल. लिनक्सवर व्यवसाय करणाऱ्या रेड हॅट या कंपनीचे उदाहरण जुने झाले असले तरी त्यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ती कंपनी लिनक्सचा कोड विकत नाही. ग्राहक दरवर्षी वर्गणी भरतो ती तपासून दिलेल्या आवृत्तीसाठी, दहा वर्षांपर्यंत मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी, अमुक यंत्रावर आणि अमुक डेटाबेसबरोबर ती चालेल या हमीसाठी, आणि अडचण आली की जबाबदारी घेणाऱ्या माणसासाठी. त्याच कोडवरून बनवलेली सेंटओएस ही प्रणाली फुकट मिळत असतानाही रेड हॅटचा महसूल २०१२ च्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलरच्या वर गेला आणि २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलर देऊन ती कंपनी घेतली. तुमच्या भागीदारांच्या शंकेला याहून मोठे उत्तर माझ्याकडे नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सेंटओएस लिनक्सच्या आठव्या आवृत्तीला मिळणाऱ्या दुरुस्त्या २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच थांबतील, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, आणि त्यातून दुखावलेल्या लोकांनी रॉकी लिनक्स व अल्मालिनक्स हे फुकट पर्याय उभे केले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य आवृत्तीचा कोड सर्वांसाठी प्रसिद्ध करणेही आवरते घेतले. फुकट प्रतींचा ताण तीस वर्षांच्या अनुभवी कंपनीलाही जाणवतो, हे मनात ठेवूनच पाऊल टाकावे.

आमच्या जवळचे उदाहरण मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे. रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये ती सुरू केली. तिच्या ईआरपीनेक्स्टचा संपूर्ण कोड जीपीएल या खुल्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. कोणीही तो उतरवून घ्यावा, बदलावा आणि ग्राहकाला बसवून द्यावा. मी नेमके तेच करतो. फ्रॅपेचे उत्पन्न प्रामुख्याने ग्राहकांची प्रणाली आपल्या सर्व्हरवर सांभाळण्यातून आणि थेट साहाय्यातून येते, तर कारखान्यात जाऊन तिथल्या भांडारपालाला नोंद करायला शिकवण्याचे काम आमच्यासारख्यांकडे राहते. तुमच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट पुढे आहे. भारतातील जीएसटीचे नियम सांभाळणारे त्यासोबतचे ॲप एका वेगळ्याच कंपनीने लिहिले, खुले केले आणि तीच ते सांभाळते. नियम बदलला की एका ठिकाणी दुरुस्ती होते आणि ती आम्हा सर्वांना मिळते. आम्ही एकमेकांचे स्पर्धक आहोत, तरी जीएसटीचा बदल प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसून वेगळा लिहावा असे आता कोणालाच वाटत नाही.

तुमच्याही विषयात नियम सतत बदलतात. तुमचा कोड उचलणाऱ्या स्पर्धकाला सहकार खात्याचे नवे परिपत्रक समजून घेणारा, थकबाकीची व्याख्या बदलली की ती प्रणालीत कुठे कुठे झिरपते हे जाणणारा माणूसही लागेल. तो माणूस आज तुमच्याकडे आहे. तुम्हीच लिहिले आहे की पगार देखभालीतून भागतात. म्हणजे तुमची विक्री आधीपासूनच कोडची नसून त्या माणसाच्या ज्ञानाची आहे. कोड खुला केल्याने एकरकमी शुल्क जाईल किंवा घटेल. ते तुमच्या वार्षिक उत्पन्नाचा किती हिस्सा आहे हे आधी कागदावर मांडा, आणि तो हिस्सा मोठा निघाला तर दोन वर्षे थांबून देखभालीचे करार वाढवा. घाईने उघडलेला कोड पुन्हा झाकता येत नाही.

उत्तर (पुण्याहून)

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु परवान्याच्या आणि मालकीच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत झालेल्या चुका दहा वर्षांनी समोर येतात आणि त्यांची किंमत ग्राहक मोजतात. माझ्या कामाच्या ठिकाणी एका साधनाचा परवाना अचानक बदलल्यामुळे आम्हाला चार महिने पर्यायाकडे जाण्यात घालवावे लागले. त्या चार महिन्यांत आम्ही एकही नवे काम केले नाही.

आधी परवाना. एमआयटीसारखा सैल परवाना घेतला, तर स्पर्धक तुमचा कोड घेऊन स्वतःची बंदिस्त आवृत्ती विकू शकतो. जीपीएल घेतला, तर ज्या संस्थेला तो प्रणाली देईल तिला बदललेला कोडही द्यावा लागतो. पण त्याने ती स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून पतसंस्थांना केवळ इंटरनेटवरून वापरायला दिली, तर जीपीएलचे हे बंधन त्याला लागू होत नाही. ही फट एजीपीएल हा परवाना बुजवतो: इंटरनेटवरून वापर होत असला तरी वापरकर्त्याला कोड मिळण्याचा हक्क राहतो. तुमच्या परिस्थितीत मी एजीपीएल निवडेन. स्पर्धकाने केलेली सुधारणा त्याच्या ग्राहक संस्थेला मिळेल, आणि ती संस्था ती तुम्हाला देऊ शकेल. याखेरीज प्रणालीच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करून घ्या. कोड सर्वांचा झाला तरी नाव तुमचेच राहते, आणि पतसंस्थेचे संचालक मंडळ कोड वाचून निर्णय घेत नाही, नाव पाहून घेते.

आता अधिक अवघड भाग. बाहेरच्या माणसाने कोड पाठवला की त्याचे हक्क कोणाकडे राहतात? अनेक कंपन्या योगदान देणाऱ्यांकडून असा करार लिहून घेतात की त्या कोडचा परवाना पुढे बदलण्याचा अधिकार कंपनीला राहील. मायएसक्यूएल या डेटाबेसचा व्यवसाय अशाच एकवटलेल्या हक्कांवर उभा होता: जीपीएलखाली सर्वांना मोकळा, आणि ज्यांना जीपीएलची बंधने नकोत त्यांना पैसे घेऊन वेगळ्या परवान्यावर. व्यवसाय म्हणून ते उत्तम चालले. परंतु २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या हाती गेली, तेव्हा ते सर्व हक्कही त्याबरोबर गेले. मूळ निर्मात्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी तोपर्यंत त्याच कोडवरून मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली होती.

अलीकडची उदाहरणे तर अधिक बोलकी आहेत. इलॅस्टिक कंपनीने २०२१ च्या प्रारंभी आपल्या शोधयंत्रणेचा अपाचे हा सैल परवाना काढून अधिक बंधनकारक परवाने लावले, कारण ॲमेझॉन तीच यंत्रणा सेवा म्हणून विकत होती आणि त्यातून आपल्याला काही मिळत नाही अशी तिची तक्रार होती. तक्रारीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. परिणाम मात्र असा झाला की ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च उभे केले, आणि २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा खुल्या परवान्याकडे पाऊल टाकले. हॅशीकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्म या साधनाचा परवाना असाच अधिक बंधनकारक केला, तेव्हा काही आठवड्यांतच वापरकर्त्या कंपन्यांनी एकत्र येऊन जुन्या कोडवरून ओपनटोफू सुरू केले आणि ते खुले प्रकल्प सांभाळणाऱ्या लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली नेले. दोन्ही ठिकाणी कायद्याने कंपन्यांचा हक्क होता. तरीही लोकांना फसवले गेल्यासारखे वाटले, कारण त्यांनी आपले श्रम एका अपेक्षेने दिले होते.

म्हणून माझा आग्रह असा की सर्व हक्क स्वतःकडे गोळा करणारा करार घेऊ नका. लिनक्सच्या गाभ्यासाठी २००४ पासून वापरात असलेली साधी पद्धत आहे: योगदान देणारा प्रत्येक बदलाखाली लिहून देतो की हा कोड देण्याचा मला अधिकार आहे आणि तो याच परवान्याखाली देत आहे. गिटलॅब या कंपनीने २०१७ मध्ये आपला जुना करार रद्द करून हीच पद्धत स्वीकारली, आणि तिचे उत्पन्न त्यामुळे थांबले नाही. २०२१ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. ज्या संचालक मंडळांनी तुम्हाला ‘उद्या काय’ असे विचारले, त्यांना याहून पक्के आश्वासन देता येणार नाही. पुढे तुम्ही कंपनी विकली, तरी विकत घेणाऱ्याला एकट्याने परवाना बदलता येणार नाही.

गिटलॅबचा उल्लेख आला म्हणून एक भर घालतो. ती काही वैशिष्ट्ये खुली ठेवते आणि काही पैसे घेऊन देते, आणि कोणते कुठे जावे हे ठरवण्याची तिची कसोटी जाहीर आहे: प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाला जे लागते ते खुले, आणि जे प्रामुख्याने वरच्या व्यवस्थापनाला लागते ते सशुल्क. तुम्हाला काही भाग राखून ठेवायचाच असेल, तर पिग्मी वसुली किंवा व्याज आकारणी कधीही राखून ठेवू नका. वीस शाखांचा एकत्रित आढावा राखून ठेवता येईल. मात्र त्यासाठी तो भाग मूळ कोडपासून पूर्ण वेगळा लिहावा लागेल, कारण बाहेरून आलेला एजीपीएलखालचा कोड तुम्हालाही बंदिस्त उत्पादनात मिसळता येणार नाही.

प्रश्नकर्ता (सांगलीहून)

दोन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. मुंबईहून सुचवलेला हिशेब काल मांडला: गेल्या तीन वर्षांत एकरकमी शुल्काचा वाटा सरासरीने एकूण उत्पन्नाच्या पाचव्या भागाहून कमी निघाला, आणि भागीदारांचा सूर त्यामुळे बराच मवाळ झाला. हक्कांबद्दलचा मुद्दा आम्हाला सर्वस्वी नवा होता. समुदायाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. आमच्या साठ ग्राहक संस्थांमध्ये मिळून प्रोग्राम लिहू शकणारी माणसे तीनसुद्धा नसतील.

उत्तर (नाशिकहून)

मी सव्वीस वर्षे एका पतसंस्थेत होते, त्यांतील शेवटची नऊ वर्षे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून. प्रोग्राम लिहिणे मला येत नाही, म्हणून वरील तांत्रिक चर्चेत मी भर घालू शकत नाही. परंतु समुदाय म्हणजे प्रोग्राम लिहिणारे लोक, हे गृहीतकच मला चुकीचे वाटते. तुमची प्रणाली कुठे चुकते हे सर्वांत आधी काउंटरवरच्या लिपिकाला कळते. मुदतपूर्व मोडलेल्या ठेवीवर व्याज कसे आकारले जावे, सोनेतारण कर्जाच्या नूतनीकरणाची नोंद किर्दीत कशी पडावी, वारसाला रक्कम देताना कोणते कागद जोडले जावेत, हे सारे ज्ञान लेखापरीक्षकांकडे, शाखाधिकाऱ्यांकडे आणि पिग्मी एजंटांकडे विखुरलेले आहे. आज ते तुमच्यापर्यंत कसे येते? एका संस्थेचा फोन येतो, तुम्ही तिच्यापुरती दुरुस्ती करता, आणि तीच अडचण पुढच्या संस्थेत पुन्हा नव्याने सापडते. तक्रारींची आणि दुरुस्त्यांची नोंदवही सर्व संस्थांना दिसेल अशी, आणि मराठीत ठेवा. माझ्या मते समुदायाची सुरुवात तिथून होते. कोड त्यानंतर आला तरी चालेल.

पैशांबद्दलही मला काही सांगायचे आहे. आमच्या संस्थेत एकदा विशेष अहवाल हवा होता, त्यासाठी पुरवठादाराने जी रक्कम सांगितली ती आम्हा एकट्यांना झेपत नव्हती. तोच अहवाल तालुक्यातील आणखी सात संस्थांना हवा होता हे मला दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात कळले, आणि त्याची खंत मला आजही वाटते. आठ संस्थांनी मिळून खर्च उचलला असता आणि झालेले काम सर्वांना मिळाले असते, तर कोणाचेच नुकसान नव्हते. सहकारी संस्थांना वर्गणी काढून सामाईक काम करणे शिकवावे लागत नाही.

माझ्या मुलीकडून मला ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या प्रणालीची हकीकत कळली आणि ती मनात राहिली. ती बनवणारी नेदरलँड्समधील कंपनी २००२ मध्ये बंद पडली. निर्माते टॉन रोसेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी बोलणी केली की एक लाख युरो मिळाल्यास कोड खुला करता येईल, आणि वापरणाऱ्यांनी लहान लहान रकमा देऊन सात आठवड्यांत ती रक्कम उभी केली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी कोड जीपीएलखाली प्रसिद्ध झाला. आज त्या प्रणालीचे काम व्यक्ती आणि कंपन्या यांच्या नियमित वर्गणीतून चालते. पैसे देणारे चित्रकार होते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कोडची एक ओळही लिहिलेली नसणार. कंपनी बुडाल्यावर त्यांना हे करावे लागले, तुम्हाला ते कंपनी चालू असतानाच करता येईल.

यासाठी एक अट मला महत्त्वाची वाटते. ज्या संस्था वर्गणी देतील त्यांना पुढच्या वर्षी कोणते काम आधी घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार द्यावा लागेल, आणि तो केवळ सल्ल्यापुरता नसावा. एक समिती असावी, तिच्या बैठकांची इतिवृत्ते सर्वांना पाहता यावीत, आणि तुमच्या कंपनीला तिच्यात बहुमत नसावे. हे तुम्हाला जड जाईल, मी समजू शकते. पण निर्णय तुमच्याकडेच राहणार असतील, तर सर्वसाधारण सभेत सभासदांना उत्तर देणारा कोणताही अध्यक्ष या खर्चाला सामाईक म्हणू शकणार नाही.

आणखी एक काळजी. कोड उघडण्यापूर्वी त्याच्या जुन्या आवृत्त्यांसह सर्व इतिहास तपासून घ्या. चाचणीसाठी म्हणून खऱ्या सभासदांची नावे, खातेक्रमांक, आधार क्रमांक वापरले गेलेले असतात. एखाद्या संस्थेचा सांकेतिक शब्द कोडमध्येच लिहिलेला असतो. असे काही बाहेर गेले, तर ज्या विश्वासासाठी हे सर्व चालले आहे तोच संपेल. खुला कोड म्हणजे चोराला किल्ली, असे संचालक तुम्हाला म्हणतील. त्यांना शांतपणे समजावून सांगा की दोष कळवण्यासाठी स्वतंत्र पत्ता असेल, दुरुस्ती सर्व संस्थांना आधी मिळेल आणि तपशील नंतर जाहीर होईल. हे लेखी असावे.

प्रतिसाद (पुण्याहून)

जुना इतिहास तपासण्याचा नाशिकहून आलेला मुद्दा सर्वांत आधी हाती घ्यावा. अकरा वर्षांचा इतिहास स्वच्छ करणे अशक्य वाटले, तर इतिहास न देता आजच्या तपासलेल्या प्रतीपासून नवी सुरुवात करा. त्याने काही बिघडत नाही.

प्रश्नकर्ता (सांगलीहून)

आज दुपारी जुन्या कोडमध्ये सहज शोध घेतला, आणि २०१६ च्या एका चाचणी-फाइलमध्ये एका संस्थेच्या चाळीस सभासदांची खरी नावे व खातेक्रमांक सापडले. ती फाइल आमच्यापैकी कोणाला आठवतही नव्हती. त्या संस्थेला मी उद्या स्वतः जाऊन हे सांगणार आहे. इतिहासासह कोड उघडण्याचा विचार त्यामुळे सोडला आहे.

पुढच्या महिन्यात सर्व ग्राहक संस्थांना पत्र जाईल. तक्रारींची सामाईक नोंदवही मराठीत लगेच सुरू करतो. समितीच्या रचनेवर आमच्यात अजून एकमत नाही. बहुमत सोडण्याची माझी तयारी आहे, भागीदारांची अद्याप झालेली नाही, आणि त्यांच्यावर ते लादून चालणार नाही. पाच संस्थांचे प्रतिनिधी, एक लेखापरीक्षक आणि आमचे दोघे अशी मांडणी त्यांच्यापुढे ठेवली आहे. नाशिकच्या ताईंना एक विनंती आहे: नोंदवहीतील तक्रारींचे वर्गीकरण काउंटरवरच्या लिपिकाला सुचेल अशा शब्दांत करायचे आहे, आणि ते शब्द आम्हा अभियंत्यांना सुचत नाहीत. आपण वेळ देऊ शकलात तर पहिला मसुदा आपल्याकडेच पाठवतो.